लष्कराच्या वाचेचे राखणदार

दिल्लीत काश्मिरी दरवाजाच्या परिसरात, येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांचे लक्ष वेधील अशा जागी, करड्या ग्रॅनाइटचा एक स्तंभ उभा आहे. १९०२ साली तो इंग्रज अमदानीत उभारला गेला. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ तो उभा राहिला त्यांत सेनापती कोणी नाही, मुत्सद्दी कोणी नाही, ते सारे तारखात्यातील साधे नोकर आहेत. १० मे १८५७ च्या संध्याकाळी मीरतेच्या छावणीत शिपायांचा उठाव झाला आणि मीरत-दिल्ली तार मुकी झाली. ती कोठे तुटली आहे हे पाहण्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्ली तारघराचा मुख्य चार्ल्स टॉड यमुनेवरील होड्यांच्या पुलाकडे गेला, तो परत आलाच नाही. मागे राहिलेल्या ब्रेंडिश व पिल्किंग्टन या दोन तरुण तारवाल्यांनी शहरात जे चालले होते त्याची खबर, अद्याप शाबूत असलेल्या दुसऱ्या तारेने, अंबाल्याला धाडली. अंबाल्याहून ती पंजाबात पोहोचली, आणि १३ मे रोजी लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत हिंदी पलटणींना कवायतीच्या मैदानावर बोलावून त्यांची हत्यारे उतरवून घेण्यात आली.

सत्तावन सालचा हा वृत्तान्त वाचताना आपले मन साहजिकच त्या स्तंभाच्या विरुद्ध बाजूस उभे राहते, आणि त्या बाजूने पाहिले म्हणजे मीरतेची तार तुटली तेव्हा अंबाल्याची तार तशीच राहावी ही गोष्ट मनाला लागून राहते. शौर्याची वाण नसलेल्या त्या उठावाच्या अपयशाची कारणे अनेक आहेत. त्यांत या शाबूत राहिलेल्या तारेची गणना अवश्य केली पाहिजे.

तार तोडता येते. तिच्यामागून आलेला बिनतारी संदेश तोडता येत नाही, पण तो ज्याच्यापाशी यंत्र असेल त्या कोणालाही ऐकता येतो. आणि त्याच्याही मागून आलेले संगणकांचे जाळे बाहेरून सहसा तुटत नाही, परंतु आतून पोखरता येते. लष्करातील दूरसंचार व माहितीप्रणालीच्या तंत्रज्ञाचा सारा जन्म या तीन भयांशी झुंजण्यात जातो. संदेश त्वरेने गेला पाहिजे आणि तो परक्याच्या हाती पडता कामा नये, या दोन अपेक्षा ऐकताना एकाच वाक्यात सुखाने नांदतात, परंतु व्यवहारात त्या एकमेकींच्या वैरिणी आहेत: जितकी त्वरा अधिक तितकी उघडीक अधिक, जितके रक्षण कडेकोट तितका विलंब अधिक. या दोघींना एका घरात नांदवणे, हेच या पेशाचे मर्म होय.

आपल्या भूसेनेत हे काम ज्या दलाकडे आहे त्याला सिग्नल कोअर म्हणतात. १५ फेब्रुवारी १९११ रोजी फतेहगड येथे लेफ्टनंट कर्नल एस. एच. पॉवेल यांच्या हाताखाली पहिल्या सिग्नल कंपन्या उभ्या राहिल्या, आणि तोच दिवस हे दल आपला स्थापनादिन म्हणून पाळते. त्यापूर्वी लष्करी तारेचे काम सॅपर्स अँड मायनर्स या अभियंत्यांच्या पलटणींकडे असे, आणि निशाणे, दिवे व आरसे यांनी संदेश देण्याचे काम ज्या त्या पलटणीतील शिकवून तयार केलेले शिपाई करीत. आरशाचे नाव काढले म्हणून सांगतो: सूर्याचा किरण आरशावर घेऊन त्याच्या उघडझापीने मोर्सच्या लिपीत बोलणारे हेलिओग्राफ नावाचे यंत्र हेन्री मॅन्स या कराचीत तारखात्याच्या नोकरीत असलेल्या गृहस्थाने १८६९ साली सिद्ध केले, आणि दुसऱ्या अफगाण युद्धात डोंगरांच्या माथ्यांवरून ते तीस-तीस मैल बोलत असे. ना तार, ना वीज, ना सरंजाम; ढग आला की मात्र सारे लष्कर मुके. तरीही त्याचा एक गुण असा की, किरण ज्या अरुंद पट्ट्यात जाई त्याच्या बाहेरच्याला तो दिसत नसे. म्हणजे या साध्या आरशात त्वरा आणि गुप्तता यांचा जो मेळ बसला होता, तो पुढे पन्नास वर्षे कोणत्याही बिनतारी यंत्राला साधला नाही, आणि यंत्रांच्या प्रगतीचा इतिहास सरळ चढत्या रेषेने लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. स्वातंत्र्यानंतर या दलाने 'तीव्र चौकस' हे बोधवाक्य स्वीकारले. त्यातील दोन शब्द म्हणजे वर सांगितलेल्या त्या दोन वैरिणीच आहेत.

या दलाची शिक्षणाची तीन मोठी ठाणी आहेत. शिपायांसाठी एक केंद्र जबलपूरला आणि दुसरे गोव्यात पणजीला. अधिकारी व वरच्या दर्जाचे तंत्रज्ञ यांच्यासाठी मध्य प्रदेशातील महू येथे लष्करी दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्याची मुळे १९४६ साली तेथे आलेल्या सिग्नल शाळेत आहेत. महू म्हटले की मराठी माणसाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान आठवते, आणि त्यांचे वडील रामजी सकपाळ त्या छावणीतील लष्करी शाळेत शिक्षक होते हेही आठवते. तेव्हा पलटणीतल्या माणसाला अक्षरओळख आणि गणित यांची गोडी लावण्याची त्या गावाची परंपरा जुनीच म्हणायची. गोव्याला हवापालटासाठी जाणाऱ्या आपल्या मंडळींना पणजीच्या समुद्रकिनाऱ्याची जेवढी माहिती असते तेवढी तेथील या केंद्राची नसते. तेथे दाखल झालेला रंगरूट आधी सगळ्या शिपायांप्रमाणे कवायत, बंदूक आणि शारीरिक कसरत यांतून तावून निघतो, आणि मग त्याच्या हाती पक्कड, मल्टिमीटर व सर्किटचा नकाशा येतो. बाहेर पडतो तेव्हा त्याचा हुद्दा 'सिग्नलमन' असतो, आणि पुढे लान्स नाईक, नाईक, हवालदार अशी नेहमीची शिडी त्याला असते.

दलातील सारेच एक काम करीत नाहीत. कोणी संदेश पाठविणारा व घेणारा ऑपरेटर असतो, कोणी तारा टाकणारा लाइनमन, कोणी सांकेतिक लिपीचा जाणकार, कोणी यंत्रे दुरुस्त करणारा वा संगणकजाळे सांभाळणारा तंत्रज्ञ. या तंत्रज्ञांत अनुभवाने व कठीण अभ्यासक्रमाने पिकलेला जो सुभेदाराच्या श्रेणीचा माणूस, त्याला 'फोरमन ऑफ सिग्नल्स' म्हणतात. नवा लेफ्टनंट महूहून शिकून आलेला असला तरी, रात्री दोन वाजता दुवा बंद पडला म्हणजे तो याच गृहस्थाकडे पाहतो. आणि शहाणा लेफ्टनंट ते उघडपणे पाहतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. तारेचे काम जुने, म्हणून ते सोपे असा समज आहे. तो खरा नाही. शत्रूचा तोफगोळा, बर्फाचा कडा, रस्ता रुंद करणाऱ्यांचा बुलडोझर आणि खंदकातील उंदीर या चौघांना तारेचे विशेष वावडे आहे. पहिल्या महायुद्धातील खंदकांत यावर एक हिकमत निघाली: दोन तारा काही अंतर राखून समांतर टाकायच्या आणि ठिकठिकाणी आडव्या तारांनी त्या शिडीसारख्या जोडायच्या, म्हणजे एका ठिकाणी एक तुटली तरी संदेश दुसऱ्या वाटेने वळसा घालून जातो. आजच्या इंटरनेटच्या जाळ्याचे जे मूलतत्त्व म्हणून सांगितले जाते, ते त्या चिखलातल्या शिपायांनी अशा रीतीने गाठी मारून साधले होते. परंतु त्याच खंदकांत असेही आढळून आले की एकेरी तारेचा परतीचा प्रवाह जमिनीतून जात असल्यामुळे तो थोडा पाझरतो, आणि शत्रू जमिनीत सळया रोवून ते बोलणे ऐकतो. त्यावर कॅप्टन फुलर या इंग्रज अधिकाऱ्याने १९१५ साली इतक्या क्षीण प्रवाहावर चालणारे तारयंत्र बनविले की पाझरून शत्रूपर्यंत जाण्याइतका तो उरतच नसे. तार म्हणजे सुरक्षित, ही भाबडी समजूत त्या दिवसापासून लष्करातून हद्दपार झाली.

तार तुटल्यावर ती कोठे तुटली हे शोधण्याचा जुना शिरस्ता असा: लाइनमनने साधारण मध्यावर जायचे, तेथे आपला फोन जोडायचा आणि दोन्ही टोकांना हाक मारायची, ज्या बाजूने उत्तर नाही त्या बाजूच्या मध्यावर पुन्हा जायचे. सोळा किलोमीटरची तार चार फेऱ्यांत एका किलोमीटरवर येते. आज तांब्याच्या तारेऐवजी काचेचा ऑप्टिकल फायबर आला आहे आणि तंत्रज्ञ एका टोकाला बसूनच त्यात प्रकाशाची एक उसळी सोडतो. तुटल्या जागेवरून तिचा अंश परत येतो, त्याला लागलेल्या वेळावरून अंतर निघते. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणून एक किलोमीटरवरचा प्रतिध्वनी सेकंदाच्या एक लाखाव्या भागात परततो. जागा अशी क्षणात कळली, तरी तेथे चालत जाणे, वाऱ्यात तंबू ठोकणे आणि केसाएवढ्या दोन काचतंतूंची टोके स्वच्छ पुसून, समोरासमोर आणून, ठिणगीच्या उष्णतेने एकजीव करणे, हे काम माणसालाच करावे लागते. त्या वेळी बोटे गारठलेली नसावीत एवढीच त्याची प्रार्थना असते, आणि हिमालयात ती बहुधा ऐकली जात नाही.

लाइनमनची ही पायपीट किती जिवावरची असते, हे सांगण्यासाठी सत्तावन सालापर्यंत मागे जाण्याचे कारण नाही. २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे नामका चू नदीकाठी ब्रिगेडियर जॉन दळवी यांच्या सातव्या ब्रिगेडवर चिनी तोफांचा मारा सुरू झाला, तारा तुटल्या, आणि मागच्या मुख्यालयाला पुढे काय घडत आहे हे कळेनासे झाले. ते पाहण्यासाठी सिग्नल दलाचे मेजर राम सिंग हेलिकॉप्टरने त्सांगधरला निघाले, वैमानिक स्क्वाड्रन लीडर विनोद सेहगल होते. दोघेही परतले नाहीत. एकशे पाच वर्षांच्या अंतराने, सर्वस्वी वेगळ्या ध्वजाखाली, टॉडचेच काम या मेजरांच्या वाट्याला आले होते. दळवींनी पुढे १९६९ साली 'हिमालयन ब्लंडर' हा ग्रंथ लिहिला. त्या युद्धातील तयारीच्या दैन्याची हकिकत ज्याला मुळातून हवी असेल त्याने तो वाचावा.

बिनतारी यंत्रांचा प्रकार निराळा आहे. रेडिओची लहर मोकळ्या आकाशात गेली की तिच्यावरचा आपला ताबा सुटला. तंत्रज्ञाने पहिल्याने ओळखायचे असते ते आकाश. ३ ते ३० मेगाहर्ट्‌झच्या लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युन्मय थरावरून परावृत्त होऊन शेकडो किलोमीटर दूर उतरतात; परंतु तो थर सूर्याने घडविलेला असल्यामुळे दिवसा त्याची एक प्रकृती असते आणि रात्री दुसरी. दुपारी खणखणीत चालणारी लहर मध्यरात्री थर भेदून अवकाशात निघून जाते; म्हणून सूर्यास्ताच्या सुमारास खालची लहर धरावी लागते आणि सकाळी पुन्हा वरची. रणगाड्यांत व पाठीवरच्या सेटांत वापरल्या जाणाऱ्या ३० ते ८८ मेगाहर्ट्‌झच्या लहरींना हा आकाशाचा आधार नाही. त्या सरळ रेषेत जातात आणि मध्ये डोंगराची सोंड आली की तेथेच थबकतात. मग कोणाला तरी जड बॅटऱ्या पाठीवर घेऊन त्या सोंडेच्या माथ्यावर चढावे लागते, आणि तेथे पुनःप्रक्षेपणाचा सेट लावून, कधी आठवडेच्या आठवडे, आपल्यासारख्याच एका-दोघांच्या सोबतीने राहावे लागते. या माथ्यावरच्या माणसाइतके एकाकी ठाणे लष्करात दुसरे क्वचितच असेल. वस्तुतः त्याच्या कानावरून साऱ्या ब्रिगेडचे बोलणे जात असते, आणि त्याने स्वतः मात्र तोंड उघडायचे नसते.

हे बोलणे परक्याने ऐकू नये म्हणून दोन उपाय आहेत. एक, बोलणे सांकेतिक करणे. दुसरा, लहरच क्षणोक्षणी बदलणे. पहिला उपाय पुरातन आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर झालेल्या संहाराची वार्ता, दहा दिवसांनी, भिलशाच्या मुक्कामी असलेल्या नानासाहेब पेशव्यांना एका सावकाराच्या पत्रातून कळली, आणि ते पत्र मोती, मोहरा व खुर्दा यांच्या हिशेबाच्या भाषेत होते, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यातील एक गोष्ट मात्र सहसा कोणी बोलून दाखवीत नाही: एवढ्या अफाट मोहिमेचा कारभार चालविणाऱ्या दौलतीला आपल्या पराभवाची खबर पेढीवाल्याच्या कासिदाकडून मिळावी, हा दळणवळणाच्या बंदोबस्तावरचा मोठाच ठपका आहे. दुसऱ्या उपायाचा जन्म मोठा मौजेचा आहे. हॉलिवूडची त्या काळची सुप्रसिद्ध नटी हेडी लमार आणि जॉर्ज अँथाइल नावाचा संगीतकार यांनी १९४२ साली अमेरिकेत एक पेटंट घेतले; त्यात संदेश देणाऱ्या व घेणाऱ्या दोन्ही यंत्रांनी, पियानोच्या पट्ट्यांइतक्याच म्हणजे अठ्ठ्याऐंशी लहरींवरून, एकाच ठरलेल्या क्रमाने उड्या मारीत जावे अशी योजना होती. अमेरिकी नौदलाने तेव्हा तिच्याकडे ढुंकून पाहिले नाही. आज मात्र बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनविलेले आपले लष्करी सेटही याच तत्त्वाने लहर बदलतात. तंत्रज्ञाचे काम एवढे, की दोन्ही सेटांची घड्याळे आणि उड्यांची किल्ली तंतोतंत जुळलेली ठेवायची, आणि ती किल्ली ठरल्या वेळी बदलायची. कंटाळवाणे काम आहे. परंतु बहुतेक गुपिते शत्रूच्या बुद्धीमुळे फुटली असे इतिहासात दिसत नाही. ती आपल्याच माणसाच्या कंटाळ्यामुळे किंवा नजरचुकीमुळे फुटलेली दिसतात.

नूर इनायत खान हिची कथा या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. बडोद्याच्या मौलाबक्ष यांच्या संगीतघराण्यातील सूफी गायक इनायत खान यांची ही कन्या जून १९४३ मध्ये ब्रिटिश गुप्त संघटनेची बिनतारी ऑपरेटर म्हणून जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरली. तिचे सहकारी थोड्याच दिवसांत धरले गेले. तरी ती पॅरिसमध्ये घरे बदलीत, लहर शोधणाऱ्या जर्मन गाड्या दिशा पकडीपर्यंत काही मिनिटांतच संदेश आटपीत, कित्येक आठवडे एकटी काम करीत राहिली. ऑक्टोबरमध्ये ती पकडली गेली आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला ठार करण्यात आले. छळ होऊनही ती बोलली नाही. तथापि तिने पाठविलेल्या संदेशांच्या नकला तिच्या वहीत जपून ठेवलेल्या होत्या, आणि त्यांच्या आधारे जर्मनांनी तिच्याच नावाने तिच्याच सेटवरून लंडनशी बोलणे चालू ठेवले. तिच्या धैर्यापुढे मस्तक नमवूनही हे सांगितले पाहिजे. कारण वापरलेला कागद जाळण्याचा नियम प्रत्येक सिग्नल केंद्रात इतक्या कठोरपणे का पाळला जातो, याचे उत्तर त्या वहीत आहे.

ऐकण्याचा लाभ आपल्यालाही झालेला आहे. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये बैठक भरणार असल्याचा पाकिस्तानी संदेश आपल्याकडे टिपला गेला, आणि ऐन वेळी मिग विमानांनी त्या इमारतीवर हल्ला चढविला; गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला आणि दोन दिवसांनी शरणागती झाली. कारगिलच्या वेळी, मे १९९९ मध्ये, बीजिंगला गेलेले जनरल मुशर्रफ आणि रावळपिंडीतील त्यांचे सहकारी लेफ्टनंट जनरल अझीझ यांचे दूरध्वनीवरील संभाषण आपल्या हेरखात्याने मुद्रित केले आणि भारत सरकारने ते जूनमध्ये जगासमोर ठेवले. ज्या सेनापतीने आपल्या शिपायांना मौनाची शिस्त शिकविली असेल, त्यानेच परक्या शहरातील फोनवरून मनमोकळे बोलावे, यावर अधिक भाष्य नको.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत तार आणि बिनतारी यांच्या जोडीला संगणकाचे जाळे आले, आणि तंत्रज्ञाच्या पदनामात 'माहितीप्रणाली' हा शब्द शिरला. देशभर पसरलेल्या लष्करी ठाण्यांना जोडणारे 'ॲस्कॉन' नावाचे भूसेनेचे स्वतंत्र जाळे आहे. त्याच्या चौथ्या टप्प्याचा सुमारे ७,७९६ कोटी रुपयांचा करार २०२० साली आयटीआय या सरकारी कंपनीशी झाला. नौदलासाठी २०१३ मध्ये जीसॅट-७ आणि वायुदलासाठी २०१८ मध्ये जीसॅट-७ए हे उपग्रह सोडण्यात आले. या जाळ्यांची सार्वजनिक इंटरनेटशी गाठ पडू द्यायची नाही हा त्यांचा पहिला कायदा आहे. तो मोडण्यास सेना लागत नाही. २००८ साली मध्यपूर्वेतील एका अमेरिकी तळावर कोणीतरी लष्करी संगणकात एक पेनड्राइव्ह खुपसला, त्यातून शिरलेली कीड अमेरिकी लष्कराच्या जाळ्यांत पसरली, आणि ती निपटून काढण्यास सुमारे चौदा महिने लागले. म्हणून आजचा तंत्रज्ञ सर्व्हर आणि राउटर जितक्या काळजीने पाहतो, तितक्याच संशयाने तो आपल्याच अधिकाऱ्याच्या टेबलावरची लहानशी वस्तू पाहतो. आणि हवालदाराने कर्नलसाहेबांना नम्रपणे, पण ठामपणे, 'हे येथे लावता येणार नाही, सर' असे सांगण्याचा प्रसंग या दलात अपूर्व नाही. हुद्द्याला मान देऊनही नियमाला न वाकवणे, ही यंत्रज्ञानापेक्षा दुर्मिळ विद्या आहे.

रोजचा दिवस मात्र अगदीच गद्य असतो. पहाटे दुव्यांची चाचणी, लॉगबुकात नोंद, बॅटऱ्यांचे चार्जिंग, जनरेटरचे तेल, अर्थिंगची तपासणी, अँटेनाच्या दोऱ्या आवळणे. सियाचिनसारख्या ठिकाणी उणे चाळीस अंशांच्या खाली बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, केबलचे वेष्टन काचेसारखे तडकते आणि उघड्या हाताने धातूला स्पर्श केला तर कातडी चिकटून राहते. तेथे सुटी बॅटरी झोपायच्या पिशवीत उबेला घेऊन झोपणे हा तंत्राचाच भाग ठरतो. त्याच हिमनदीवर, १९,०६१ फुटांवर, सिग्नल दलाने २०२२ मध्ये उपग्रहाद्वारे इंटरनेट सुरू केले. बोलण्याचीही एक शिस्त आहे: 'ओव्हर' म्हणजे माझे झाले, आता तुम्ही बोला, 'आउट' म्हणजे बोलणे संपले, ही दोन्ही एका दमात म्हणणारा केवळ चित्रपटांत आढळतो. आणि प्रजासत्ताकदिनी दिल्लीत मोटारसायकलींवर मनोरे रचणारे जे 'डेअर डेव्हिल्स' पथक आपण पाहतो, ते याच दलाचे, १९३५ पासूनचे. खलिता घेऊन फटफटीवरून दौडणाऱ्या संदेशवाहकांच्या कसबाचा तो वारसा आहे.

ज्यांना या नोकरीत जायचे असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २०२२ पासून शिपायांची भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी होते आणि त्यांतील जास्तीत जास्त चौथा हिस्सा पुढे कायम होतो. तांत्रिक विभागासाठी भौतिक, रसायन, गणित व इंग्रजी घेऊन बारावी, एकूण पन्नास टक्के आणि प्रत्येक विषयात चाळीस टक्के गुण लागतात, वय किमान साडेसतरा लागते, आणि आता भरती मेळाव्याच्या आधी संगणकावर लेखी परीक्षा होते. धावण्याचा सराव करणारी मुले आपल्याकडे गावोगाव पहाटे रस्त्यांवर दिसतात. ओहमचा नियम आणि त्रिकोणमिती यांचा सराव करणारी तितकी दिसत नाहीत, आणि या विभागात अडखळणे होते ते तेथे. स्त्रियांना या दलात अधिकारी म्हणून नव्वदीच्या दशकापासून प्रवेश आहे, आणि १७ फेब्रुवारी २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांचा कायम नेमणुकीचा हक्कही निर्विवाद झाला. चार वर्षांनी बाहेर पडावे लागणाऱ्या मुलांचे पुढे काय, हा प्रश्न मला अजून समाधानकारक सुटलेला दिसत नाही. तरी फायबर जोडणारा, जाळे सांभाळणारा आणि रात्री-अपरात्री न कुरकुरता दुरुस्तीला निघणारा माणूस नागरी जीवनातही उपाशी राहणार नाही, एवढे निश्चित.

शेवटी एक विनंती, आणि ती ज्यांच्या घरातून कोणी लष्करात गेले आहे अशा वाचकांना आहे. जुलै २०२० मध्ये भूसेनेने आपल्या जवानांना फेसबुकसह एकोणनव्वद ॲप मोबाइलमधून काढून टाकण्याचा हुकूम दिला; पण हुकूम जवानाला लागू होतो, त्याच्या भावाला, मेव्हण्याला आणि गावच्या मित्रमंडळाला होत नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंग्यासारख्या, घरटी सैनिक असलेल्या गावांतील वडीलधाऱ्यांना हे उमजते, तरुणांना ते समजावून सांगावे लागते. मुलाचा फोन आला तर प्रकृती विचारा, जेवण विचारा. तो नेमका कोठे आहे आणि पलटण कोठे निघाली आहे हे विचारू नका, कारण ते सांगताही येत नाही आणि आईला नाही म्हणवतही नाही. त्याच्या पलटणीचे नाव, ठाण्याचे छायाचित्र आणि सुटीवर येण्याची तारीख व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नका. टाकली असेल तर आजच काढून टाका.